लिटरला किती

“किती देतीय, सर?”

गाडीच्या टाकीत पेट्रोलची नळी घालता घालता इलाहीने विचारलं. तो बाबांचा जुना विद्यार्थी. मिरजेच्या त्या पंपावर कामाला लागल्यापासून दर खेपेला तो हाच प्रश्न विचारायचा, आणि बाबाही दर खेपेला एकच उत्तर द्यायचे.

“पंधरा.”

“ते आता मोजणार आहोत,” मी आतून म्हणाले.

मी चालकाच्या जागेवर बसून मीटरचा आकडा डाव्या तळहातावर लिहीत होते. प्रयोगशाळेत लागलेली सवय. कागद हरवतो, हात हरवत नाही. शेवटचा आकडा अर्धा वर सरकला होता, तोही दशांशात लिहिला. अक्षरं सुबक आली.

“मॅडम मोजणार काय?” इलाही हसला. “मग पेपर कडक असणार, सर.”

“असू दे. आमची गाडी पहिल्या वर्गात पास होणार.”

शेजारच्या नळीवर एक माणूस मोटारसायकलचं हँडल आणि सीट धरून ती गदागदा हलवत होता. टाकीतली हवा निघून जावी आणि आणखी घोटभर पेट्रोल मावावं, म्हणून. बाबांनी तिकडे बघून मान फिरवली.

“बघ, ताक घुसळतोय. हावरटपणा नुसता. गाडीला असं कोणी हलवतं का?”

नळीचा खटका आपोआप पडला. बाबांनी झाकण स्वतः लावलं, त्यावरून रुमाल फिरवला आणि मला बाजूच्या सीटवर सरकायला सांगितलं.

ही गोष्ट दोन हजार चारची. मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते आणि घरी आई-बाबांजवळ राहत होते. मोजायचं ठरलं ते त्या रविवारच्या आदल्या गुरुवारी, जेवताना.

“मला तलावावर बोलावलंय,” आई ताटात आमटी वाढताना म्हणाली होती. “शिकवायला.”

आई भिलवडीची. कृष्णेच्या काठची. कमरेला सुका भोपळा बांधून ती नदीत पोहायला शिकली आणि भोपळा सुटल्यावरही पोहत राहिली. लग्नानंतर तीस वर्षं तिने पाण्यात पाय घातला नव्हता. मग बाबा निवृत्त झाल्यावर तिने सांगलीच्या जलतरण तलावावर संध्याकाळच्या बायकांच्या बॅचमध्ये नाव घातलं. सिटी बसने जायची, बसने यायची. वर्षभरात निम्म्या बॅचला तीच शिकवायला लागली. जीवरक्षकाची परीक्षाही देऊन आली. आम्हाला सांगितलं ते पास झाल्यावर. आता तिथली प्रशिक्षिका लग्न होऊन गावाला गेली होती आणि सकाळची बॅच मोकळी पडली होती.

“सकाळी कितीची बॅच?” बाबांनी विचारलं.

“सहाची. तेवढ्या लवकर बस नाही.”

“मग मी सोडतो की. गाडी कशाला आहे?”

“अहो, मानधन अठराशे आहे. पेट्रोलचा भाव चाळीसला टेकलाय. सगळं टाकीतच ओतायचं असेल तर मी नाही म्हणून कळवते. त्यांना महिनाअखेरीपर्यंत सांगायचंय.”

“सगळं कसं जाईल? पंधरा देते आपली गाडी. काय गं विभा, किती होतात?”

मी तोंडीच हिशेब केला. जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस. पंधराने चाळीस लिटर. सोळाशे रुपये.

“दोनशे उरतात,” मी म्हणाले.

“बघ! उरतात.”

“स्कूटर असेल तर बाराशे उरतील,” मी म्हणाले. “आणि कोणी सोडायलाही नको. गाडी विकली तर त्या पैशांत स्कूटर सहज येईल. थोडे वर घालावे लागतील, तेवढे मी घालेन.”

आईच्या हातातला डाव तसाच राहिला.

“गप्प बैस. यांची गाडी विकून मी पोहायला जाऊ?”

आमची गाडी म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. दुधी रंगाची, बाबांनी एका डॉक्टरांकडून जुनी घेतलेली. चौदा वर्षांपूर्वी आमच्या शिक्षक कॉलनीत ती एकटीच होती. पहिल्याच वर्षी शेजारच्या मुलीच्या पाठवणीला ठरवलेली टॅक्सी आली नाही, तेव्हा बाबांनी आपली गाडी काढली. तेव्हापासून कॉलनीतली प्रत्येक मुलगी त्याच गाडीतून सासरी गेली. बाबा स्वतः चालवायचे. पैसे घ्यायचे नाहीत, एक नारळ घ्यायचे. आणि चित्रकलेचे शिक्षक असल्यामुळे गाडीवरची फुलांची नक्षी दर मुलीला वेगळी करायचे, एकदा केलेली पुन्हा नाही. पुढल्या महिन्यात समोरच्या चौगुल्यांच्या सुवर्णाचं लग्न होतं. तिच्या नक्षीचं चित्र बाबांनी काढूनही ठेवलं होतं.

“विकायचा प्रश्नच नाही,” बाबा म्हणाले. “पंधरा देते म्हणजे देते.”

“देत असेल तर दोनशे तर दोनशे, मी गाडीने जाईन,” आई म्हणाली. “पण माझ्या मते आठ-नऊच्या वर नाही देत ती. म्हातारी झालीय.”

म्हातारी म्हटल्यावर बाबांचा घास थांबला.

“मोज गं, विभा. तूच मोज. पंधराच्या खाली निघाली तर मी स्वतः विकीन आणि हिला स्कूटर घेऊन देईन. मास्तरचा शब्द आहे.”

“ऐकलंस ना?” आई हसून मला म्हणाली. तिने ते थट्टेवारी नेलं. बाबांनीही बहुधा थट्टेतच म्हटलं असावं.

मोजायची रीत सोपी होती. टाकी काठोकाठ भरायची, मीटर लिहायचा. चार दिवस बाबांनी आईला सकाळी तलावावर सोडायचं, बॅच संपेपर्यंत थांबायचं, घेऊन यायचं. ते चार दिवस आई नुसती बघायला जाणार होती, असं तिने तलावाच्या व्यवस्थापकांना कळवलं होतं. मग पुन्हा त्याच पंपावर, त्याच नळीवर टाकी भरायची. जेवढं पेट्रोल मावेल तेवढं जळलं.

सोमवारी सकाळी आई-बाबा निघाले तेव्हा चौगुले काकू अंगणात सडा घालत होत्या.

“काय वैनी, एवढ्या पहाटे? परगावी?”

“नाही हो. सांगलीला. पोहायला शिकवायचं बघतेय.”

“या वयात?” काकूंनी बादली खाली ठेवली. “आणि ती तसली कापडं घालावी लागतात म्हणे?”

“साडी नेसून बुडायला होतं, म्हणून घालतात,” आई म्हणाली.

काकू मला नंतर म्हणाल्या, “तुझ्या आईचं काय बाई, आम्हाला ऐकूनच थंडी वाजली. पण एक सांग, सुवर्णाच्या वेळेपर्यंत सरांची गाडी ठीक राहील ना? रोज एवढी पळवायला लागले तर?”

मी म्हटलं, राहील.

चारही दिवस बाबा आईच्या आधी उठले. मंगळवारी त्यांनी सोबत थर्मास घेतला. बुधवारी चित्रांची वही घेतली. घरी आल्यावर आई न्हाऊन पटापट कामाला लागायची. तिच्या कानामागचे केस दुपारपर्यंत ओले असायचे. बाबा मात्र त्या दिवसांत गप्प होते. पंधराचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मला वाटलं, पहाटे उठून थकत असतील.

शुक्रवारी सकाळी मी बाबांबरोबर पंपावर गेले. पुन्हा आत बसून तळहातावर मीटरचा आकडा लिहायला लागले. बाहेर इलाहीने नळी घातली. खटका पडला. मी शेवटचा आकडा लिहीत होते, तेवढ्यात गाडी हलली.

आधी मला वाटलं, मागून कोणी धक्का दिला. मग पुन्हा हलली. डावीकडे, उजवीकडे, पाळण्यासारखी. पेन हातावरून घसरलं आणि मनगटापर्यंत निळी रेघ ओढली गेली.

“बसतंय का बघ अजून,” बाबांचा आवाज आला.

“सर, राहू द्या, मी हलवतो की...”

“तू नळी धर.”

आरशात मला बाबा दिसले. दोन्ही तळवे गाडीच्या टपाला लावून, पाय रोवून, ते गाडी झुलवत होते. खटका पडायचा, ते हलवायचे, इलाही पुन्हा थोडं भरायचा. शेवटी पेट्रोल काठावरून ओघळून चाकावर आलं, तेव्हा ते थांबले.

घरी येऊन मी भागाकार केला. उत्तर नऊच्या आसपास आलं. आई म्हणाली होती तेवढंच.

मी हात बघितला. वहीत उतरवून घेतलेले रविवारचे आकडे हातावरून धुऊन गेले होते, पण ते सुबक आले होते हे मला पक्कं आठवत होतं. रविवारी मी आत बसले होते आणि गाडी तसूभरही हलली नव्हती. शुक्रवारी माझ्या मनगटावर रेघ होती. एकदा न हलवता भरलेली टाकी आणि एकदा हलवून हलवून भरलेली टाकी, या दोन सारख्या टाक्या नव्हेत. अधिक बसलेलं ते सगळं पेट्रोल मी जळलं म्हणून धरलं होतं.

बाबा अंगणात गाडी पुसत होते. आई बाजारात गेली होती. मी त्यांच्यासमोर हात धरला.

“ही रेघ कसली, बाबा?”

त्यांनी चष्मा वर केला, रेघ बघितली, मला बघितलं.

“शाईची.”

“रविवारी तुम्ही गाडी हलवली नव्हती.”

“विसरलो असेन.”

“तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही त्या माणसाला हावरट म्हणालात. ताक घुसळतोय म्हणालात.”

बाबांनी फडकं पिळलं. पिळण्यासारखं त्यात पाणी नव्हतं.

“किती आला आकडा?”

“नऊ. पण तो खरा नाही.”

“नऊ तर नऊ. सांगून टाक घरात.”

“बाबा, तुम्ही गाडी जिंकावी म्हणून लबाडी केली असती, तर मला कळलं असतं. ही कसली लबाडी? ही गाडी हरावी म्हणून आहे.”

ते बॉनेटला टेकले. बराच वेळ त्यांनी समोरच्या चौगुल्यांच्या घराकडे बघितलं. तिथे मांडवाचे बांबू येऊन पडले होते.

“तलावावर बायकांच्या बॅचला पुरुषांना आत सोडत नाहीत,” ते म्हणाले. “मी बाहेर गाडीत बसायचो. भिंत उंच आहे, दिसत काही नाही. पहिल्या दिवशी आतून एक आवाज आला. ‘पाय मारा! मान खाली! मी आहे, सोडा हात!’ असा खणखणीत. म्हटलं, कोण बाई आहे ही? शाळेत एवढा आवाज पी.टी.च्या मास्तरांचाही नव्हता. मग कळलं, आपलीच. नुसती बघायला गेली होती आणि पहिल्याच दिवशी पाण्यात उतरली. तुझी आई एवढ्या मोठ्याने बोलू शकते, हे मला तेहतीस वर्षांत ठाऊक नव्हतं गं.”

“दुसऱ्या दिवशी दोन बायका रडत बाहेर आल्या. मी घाबरलो. तर त्या हसत पण होत्या. पहिल्यांदा तरंगल्या होत्या म्हणे. एक माझ्याकडे आली. ‘तुम्ही मॅडमचे ड्रायव्हर का?’ म्हणाली.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“हो म्हटलं.”

आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी फडकं बॉनेटवर वाळत घातलं आणि ते हळू आवाजात बोलले.

“पंधरा निघालं तर ती गाडीने जाईल. दोनशे रुपयांवर समाधान मानील. आणि मग पावसाळ्यात एक दिवस माझी कंबर धरली, की दुसऱ्या दिवशी म्हणेल, ‘राहू दे, तुम्हाला त्रास नको.’ मी ओळखतो तिला. सायकल अशीच सोडली, शाळेतली नोकरी अशीच सोडली. माझ्या भरवशावर राहिली तर हेही सोडेल. तिची स्वतःची गाडी पाहिजे.”

“मग सरळ विकून टाका ना ही.”

“तिच्यासाठी म्हणून? शिवेल का ती त्या स्कूटरला? जन्मभर म्हणत बसेल, माझ्यापायी तुमची गाडी गेली. पण पैज हरलो म्हणून गेली तर गोष्ट वेगळी. आकड्याने गेली तर कोणाचं काय चालतंय?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “आणि आकडा तू सांगितलास तर ती विश्वास ठेवील. तुझ्या आकड्यावर ठेवते ती.”

“म्हणूनच खोटा नाही सांगणार,” मी म्हणाले.

“विभा.”

“परत मोजू या. टाकीचा भरवसा नको. बाटली लावू.”

“आणि चौदा-पंधरा निघालं तर?”

तेव्हा मला कळलं की त्यांची खरी भीती ती होती. नऊचा आकडा त्यांनी आईसाठी घडवला होता, पण मनातून त्यांचा त्यावर कणभर विश्वास नव्हता. खरं मोजलं तर आपली गाडी जिंकणार, याची त्यांना खात्री होती. तिला हरवायचं तर लबाडीच करावी लागणार, असं ते धरून चालले होते.

“निघालं तर निघालं,” मी म्हणाले. “मग दुसरी वाट शोधू. पण आधी खरं काय ते कळू दे.”

आईला मी एवढंच सांगितलं की आकडा अजून पक्का नाही.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. तिथल्या गॅरेजमध्ये अ‍ॅव्हरेज काढायला सलाइनची बाटली वापरतात. टाकीकडून येणारी नळी काढायची आणि बॉनेटच्या आत टांगलेल्या बाटलीला जोडायची. गाडी बाटलीतलं पेट्रोल पिते आणि ते संपलं की जागच्या जागी थांबते. पंपाशेजारच्या मिस्त्रीकडून ती बाटली घेतली. तिच्यावरच्या खुणा मी कॉलेजातल्या मोजपात्राने तपासून घेतल्या. मिस्त्री म्हणाला, “ताई, एवढं तर डॉक्टर पण बघत न्हाईत.”

रविवारी आम्ही म्हैसाळच्या रस्त्याला गेलो. मोजलेलं अर्धा लिटर पेट्रोल बाटलीत घातलं. रस्ता सपाट होता, दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा होत्या. मीटरवर भरवसा ठेवायच्या आधी मी तोही रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून बघितला. एरवी चालवता तसंच चालवा, असं बाबांना बजावलं होतं. ते तसंच चालवत होते. उलट जरा जास्तच हळुवार, पाठवणीच्या वेळी चालवत तसं.

सहाव्या दगडाच्या थोडं पुढे इंजिनाने दोनदा खाकरल्यासारखं केलं आणि गाडी थांबली.

“एवढ्यात?” बाबा म्हणाले.

“एवढ्यात.”

“बाटली गळत असेल.”

आम्ही उतरून बघितलं. गळत नव्हती. परत येताना पुन्हा अर्धा लिटर घातलं. या खेपेला वारा समोरून होता. सहा किलोमीटर पुरे व्हायच्या थोडं आधीच गाडी थांबली. दोन्हींची बेरीज बारा.

बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

“बारा?”

“बारा.”

“चौदा वर्षं पंधरा सांगत आलो मी. इलाहीला, चौगुल्यांना, सगळ्यांना.”

“घेतली तेव्हा देत असेल पंधरा.”

“तू समजूत नको घालूस. बाराने हिचा हिशेब काय होतो?”

“पन्नास लिटर. दोन हजार रुपये. आईने महिनाभर शिकवायचं आणि वर आपण दोनशे घालायचे.”

“म्हणजे गाडी हलवायची गरजच नव्हती.”

“नव्हती.”

बाबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग डोळे पुसायला चष्मा काढावा लागला.

“आयुष्यात एकदाच कॉपी केली,” ते म्हणाले, “तीही नापास व्हायला. आणि नापास तर होणारच होतो!”

मला त्यांच्याबद्दल काय वाटलं ते मी त्यांना सांगितलं नाही. आमच्या घरात तसं बोलायची पद्धत नव्हती. मी बाटली सोडवली, टाकीची नळी नीट जोडली आणि त्यांनी गाडी सुरू केली.

तुलनेचा नियम म्हणून त्याच दुपारी माझ्या कॉलेजातल्या रेगे मॅडमची स्कूटर मागून आणली आणि तिलाही तीच बाटली लावली. एक्केचाळीस निघाले. संध्याकाळी दोन्ही आकडे मी आईसमोर ठेवले, दुरुस्ती आणि विमा धरून.

आईने कागद दोनदा वाचला. मग बाबांकडे बघितलं.

“तुम्ही हलवली-बिलवली नाहीत ना गाडी, टाकी भरताना?”

“टाकी नव्हतीच,” बाबा म्हणाले. “बाटली होती. विचार तुझ्या लेकीला. मिस्त्री म्हणाला, एवढं डॉक्टरपण बघत नाहीत.”

“खरा आहे आकडा?” तिने मला विचारलं.

“खरा आहे.”

तिने पुढे काहीही विचारलं नाही. तो क्षण मला अजून आठवतो. माझी एम.एस्सी.ची पदवी आली तेव्हाही मला एवढं ताठ बसावंसं वाटलं नव्हतं.

“पण गाडी...” ती म्हणाली.

“पैज आहे. मी हरलो,” बाबा म्हणाले. “मास्तरने शब्द फिरवला असं कॉलनीत झालेलं चालेल का तुला?”

आई बराच वेळ कागदाची घडी घालत राहिली.

“आधी सुवर्णाची पाठवणी होऊ दे,” ती म्हणाली. “मग बघू.”

आणि दुसऱ्या दिवशी तिने तलावावर होकार कळवला. पहिला महिना बाबांनीच सोडलं. वरचे दोनशे त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून टाकीत घातले आणि त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

सुवर्णाच्या गाडीवर बाबांनी पांढऱ्या शेवंतीच्या लाटा काढल्या. खालून वर चढत जाणाऱ्या, टपावर फुटणाऱ्या. चौगुले काकू म्हणाल्या, “सर, मोर-बीर काढायचा सोडून हे काय?” बाबा म्हणाले, “पाणी आहे.” त्यांनी नारळ घेतला, सुवर्णाला कवठ्याच्या सासरी पोचवलं, रात्री परत येऊन फुलं काढली आणि गाडी धुतली. पुढच्या आठवड्यात तासगावचा एक दुकानदार ती घेऊन गेला. निघताना त्याने विचारलं, “किती देते?”

“बारा,” बाबा म्हणाले. “मोजलेले.”

आई कॉलनीच्या मैदानात स्कूटर शिकली. मुलं क्रिकेट थांबवून बघायची. लायसन्सच्या परीक्षेत इंग्रजी आठचा आकडा काढताना तिने एकदा पाय टेकला. साहेब म्हणाले, पुन्हा या. ती पुन्हा गेली आणि लायसन्स घेऊन आली. चौगुले काकू दिवाळीनंतर तिच्या बॅचला जायला लागल्या. तिच्याच मागे बसून.

सहा महिन्यांनी मी सवयीने सगळा खर्च मांडला आणि गोंधळले. बाराशे उरायला हवे होते, उरत होते तीनशे-चारशे. स्कूटरचा एक्केचाळीसचा आकडा बरोबर होता, भाव बरोबर होता, चुकले होते ते किलोमीटर. मी सहाशे धरले होते. आई तलावावर जायचीच, पण तिथून बाजाराला, मैत्रिणीकडे, रविवारी थेट भिलवडीला भावाकडे, आणि एकदा तर कोणालाही न सांगता नुसतीच नदीवर. ती एवढी फिरेल हे माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

मी बाबांना कागद दाखवला. “फार काही वाचत नाहीये.”

त्यांनी तो बघितला आणि खिशात घालून टाकला.

त्याच संध्याकाळी मी सायकलमध्ये हवा भरायला पंपावर गेले, तेव्हा ते दोघं तिथे होते. आई पुढे बसली होती आणि बाबा टाकीचं झाकण धरून उभे होते. इलाहीने नळी घातली.

“किती देतीय सर, ही?”

एक्केचाळीस हा आकडा मी त्यांना कितीदा तरी सांगितला होता. मी लांबून वाट बघत राहिले.

“लिटरचं मला ठाऊक नाही,” बाबा म्हणाले. “महिन्याला दहा-बारा बायका देते. न बुडणाऱ्या.”

इलाही नळी हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिला. बाबांनी झाकण लावलं, त्यावरून रुमाल फिरवला आणि एक हात आईच्या खांद्यावर टेकून मागे चढायला लागले.

“बसलात का नीट?” आईने विचारलं.

एवढ्या खणखणीत आवाजात, की पंपावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं.